भिंतीवर लावण्याआधी



मुलांच्या हाती मोबाइल द्यावा की देऊ नये, या वादात आता फारसा अर्थ उरलेला नाही. तो केव्हाच दिला गेला आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हणत आपण मोठ्या माणसांनीच तो त्यांच्या हाती ठेवला. ज्या घरात एक फोन आणि तीन लेकरं होती तिथे काय ओढाताण झाली, आणि ज्या घरात फोनच नव्हता तिथे काय झाले, ते दुःख वेगळे. त्यावर पुन्हा कधी लिहीन. पुढे शाळा उघडल्या, पण फोन काही मुलांच्या हातून परत आला नाही. आज सातवीतले पोर शेतातल्या सापाची चित्रफीत काढते, तिला गाणे जोडते, खाली दोन ओळी लिहिते आणि जगापुढे ठेवते. हे सारे त्याला कुणी शिकवलेले नाही. आणि ठेवण्याआधी काय पाहायचे असते, तेही त्याला कुणी शिकवलेले नाही. माझे म्हणणे असे की हे दुसरे शिकवणे शाळेचे काम आहे. पाढे आणि शुद्धलेखन यांच्या बरोबरीचे काम आहे.

आपल्या शाळेला ही विद्या नवी नाही. आता तुम्ही उभे राहून वाचताय ते हे भित्तिपत्रक कसे तयार होते, ते आठवा. आधी मुलगा वहीत कच्चे लिहितो. शेजारचा ते वाचतो आणि हमखास हसतो. मग बाई किंवा सर लाल शाईने खुणा करतात, ‘हे तुला कुणी सांगितले?’ असे समासात लिहितात. मग ड्रॉइंग शीटवर पेन्सिलीने रेघा, त्यावर स्केचपेनने पक्के अक्षर, खाली नाव आणि इयत्ता, आणि सर्वांत शेवटी चार कोपऱ्यांना चार टाचण्या. एवढे सोपस्कार कशासाठी? वाचणारे तर सगळे ओळखीचे, फार तर दीडशे. तरीही आपण करतो, कारण एकदा भिंतीवर लागले की ते आपले राहत नाही, ते शाळेचे होते. चूक सापडलीच तर वरून कागदाची पट्टी डकवता येते. फोनवर मात्र वाचणारे किती ते मोजता येत नाही, आणि पट्टी डकवायची तर कुणाकुणाच्या फोनवर जाऊन डकवणार? म्हणजे जिथे चूक सहज दुरुस्त होते तिथे आपण चार वेळा तपासतो, आणि जिथे होत नाही तिथे अंगठा टेकवून मोकळे होतो. हा उलटा न्याय झाला.

एक उदाहरण आपल्याच शाळेतले सांगतो. मी राहतो उस्मानपुऱ्यात, रोज तिथून गाडी धरून शाळेत येतो, हे मुलांना ठाऊक आहे. सहलीत मुलांनी संत एकनाथ रंगमंदिर बाहेरून पाहिले, शासकीय तंत्रनिकेतनाची इमारत पाहिली, आणि परत आल्यावर सातवीच्या गटाने ठरवले की ‘आपण पाहिलेला उस्मानपुरा’ असे पान करायचे, त्याचा फोटो काढून पालकांच्या गटावरही टाकायचे. माहिती मोबाइलवर शोधली. पान सुरेख सजले. त्यात एक रुंद नदी होती, दोन्ही काठ दगडी बांधलेले, कडेने बाग. कच्चा मजकूर वाचताना एका मुलीने विचारले, “सर, आपण गेलो तवा एवढी मोठी नदी कुठं दिसली?”

खरोखर कुठे दिसणार? ती साबरमती होती. अहमदाबादेतही उस्मानपुरा नावाची वस्ती आहे, साबरमतीच्या काठाला. फोनला आपण नुसते ‘उस्मानपुरा’ विचारले, त्याला जे पुढे दिसले ते त्याने दिले. त्याचा दोष नाही. त्याला सहलीला कोण घेऊन गेले होते? त्याच मजकुरात एका ठिकाणी उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, लोकसंख्या येऊन बसली होती. नावात साधर्म्य, एवढाच काय तो संबंध. त्यात आपल्या शहराची दोन नावे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, त्यामुळे जुन्या पानांवर एक नाव, नव्यांवर दुसरे. मुलांचा गोंधळ होणारच. पण त्या मुलीने जे केले ते पाहा. तिने कुठलेही यंत्र वापरले नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते वाचलेल्याशेजारी ठेवले, आणि दोन्ही जुळेनात म्हणून तोंड उघडले. शहानिशा म्हणतात ती हीच. त्या दिवशी वर्गात मी तिला शाबासकी दिली. इथे नाव देत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

यावरून मला दुसरा धडा सुचला. बीबी का मकबरा सर्वांनी पाहिला आहे. त्याविषयी माहितीपत्रकांत आणि संकेतस्थळांवर एक वाक्य फार ठिकाणी सापडते: औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आपली आई दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ हा मकबरा १६५१ ते १६६१ या काळात बांधला. वाक्य भारदस्त आहे, सालांसकट आहे. मी फळ्यावर ते लिहिले आणि शेजारी आणखी दोन साले लिहिली. आझमशहाचा जन्म १६५३. दिलरास बानूंचा मृत्यू १६५७. बस्स, पुढे काही बोललो नाही.

पाच मिनिटे शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, आई जित्ती असतानाच कबर बांधायला घेतली का?” दुसरा म्हणाला, “आन् बांधणारा तर जन्मलाच नव्हता!” सगळा वर्ग हसला. वजाबाकी दुसरीतली, पण तिने एका भारदस्त वाक्याची वाट लावली. कुणाच्या लक्षात आले नसेल असे नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने त्यावर फोटो चिकटवला. पुष्कळ ठिकाणी सापडते म्हणून खरे, असे धरून चालत नाही, कारण त्या पुष्कळांनी एकाच जागेवरून उचललेले असू शकते. शंभर घरी एकच दूध गेले तर शंभर म्हशी मोजायच्या नसतात. शेवटी मुलांनी पानावर काय लिहिले? ‘दिलरास बानू बेगम यांचा मृत्यू १६५७ साली झाला, त्यानंतर बांधलेली ही त्यांची कबर आहे. बांधकामाच्या सालांविषयी निरनिराळे आकडे सांगितले जातात.’ मला हे दोन ओळींचे लेखन निबंधस्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा मोठे वाटते.

आता तर विचारले की उत्तर लिहून देणारी यंत्रे फोनमध्येच आली आहेत. ती निबंधही लिहितात, चित्रही काढतात. त्यांची मराठी आपल्यातल्या कित्येकांपेक्षा शुद्ध असते, आणि तिथेच गोम आहे. गावात खोटे बोलणारा माणूस अडखळतो, डोळे चुकवतो. यंत्र अडखळत नाही. माहीत असलेले आणि जुळवलेले ते एकाच सुरात सांगते. त्याच्याकडून मदत घ्या, माझी ना नाही. पण त्याने दिलेले साल, नाव, आकडा पुस्तकात किंवा जाणत्या माणसाकडे पडताळल्याशिवाय आपल्या सहीने पुढे जाता कामा नये.

कुणी म्हणेल, सालाची चूक झाली तर काय आभाळ कोसळते? सालाने नाही कोसळत. पण न तपासता पुढे सारण्याची जी सवय आहे ती सालापाशी थांबत नाही. यासाठी मला एक गोष्ट सांगावीच लागेल. लहान वर्गातल्या मुलांनी ती मोठ्यांबरोबर वाचावी.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता, गावच्या आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. ही भटकी जमात. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याकडची. त्या दिवसांत फोनाफोनी एकच निरोप फिरत होता: मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. बाजारात त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला म्हणे, आणि तेवढ्यावरून ओरडा झाला. जमावाने त्यांना मारले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडले आणि तिथेही मारले. पाचही जण मेले. मुले पळवणारी टोळी वगैरे काही नव्हते. त्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबाला अशाच संशयाने जमावाने घेरले. त्यांना पोलिसांनी वाचवले.

त्या वर्षी देशभर जी अफवा पसरली तिच्यासोबत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी व्हावे अशी. ती मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. फक्त शेवट कापला, बाकी काही बदलले नाही. आणि जागृतीची जाहिरात मरणाचे कारण होऊन बसली. मुलांनो, पाठातले अर्धे वाक्य वाचून प्रश्नाचे उत्तर लिहू नका असे आम्ही तुम्हाला म्हणतो, ते का, हे इथे पाहा.

या घटनांनंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालायला घेतली. बरे केले. पण कुंपण घातले म्हणून बैलाला शिस्त लागत नाही. पाचांनी पाचांना पाठवले तर पंचवीस, पंचविसांनी पाचपाचांना पाठवले तर सव्वाशे. पुढचे गणित मुलांनी स्वतः करून पाहावे.

मला जास्त मोलाचे वाटते ते केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात झाले. तिथे गोवर-रुबेला लसीविषयी अफवा पसरल्या, पालक लस देईनात. तेव्हा २०१८ साली जिल्हा प्रशासनाने सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाचा उपक्रम घेतला आणि मुलांना खोटी बातमी ओळखायला शिकवले. महागडी शाळा नव्हे, सरकारी शाळा. आणि शिकवायला लागला तो एक तास. आपल्याकडेही २०१८ च्या नोव्हेंबरात हीच लस शाळांतून द्यायला सुरुवात झाली तेव्हा पालक काय काय ऐकून शाळेच्या दारात आले होते, ते मी पाहिले आहे. त्या वेळी सातवीतले एखादे लेकरू घरी म्हणाले असते, ‘आई, हा निरोप कुणी लिहिलाय ते खाली कुठंच नाही’, तर आमचे आठ दिवसांचे समजावणे वाचले असते. मोठ्यांचे आम्ही ऐकत नाही, पण घरातल्या शिकणाऱ्या लेकराचे ऐकतो. आपल्या खेड्यात शहाणपण असेच खालून वर चढते.

काही सहकारी मला म्हणतात, “हे आपल्या शाळेत जमायचं नाही, आपल्याला आधी वाचता-लिहिता करायचंय.” मी म्हणतो, तपासून वाचणे हेही वाचणेच आहे. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला जमत नाही हे तर मला मुळीच मान्य नाही. माढा तालुक्यातली परितेवाडीची शाळा जिल्हा परिषदेचीच. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचे काम केले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यंत्र आपल्यापर्यंत पोचले. आता त्यामागचा विवेक पोचवायचा राहिला आहे.

मुलांच्या पानांत आणखी एक खोड दिसते ती दुसऱ्याचे आपले म्हणून लावण्याची. चित्र कुठून घेतले, कविता कुणाची, याचा पत्ता नाही. उलटही घडते: कुणीतरी लिहिलेले चार शब्द आणि खाली पु. ल. देशपांडे यांचे नाव! पु.लं.च्या नावावर फोनवर जेवढे फिरते तेवढे त्यांनी लिहिले असते तर त्यांना झोपायलाही वेळ मिळाला नसता. आपल्या देशातला कायदा असा आहे की लेखक गेल्यानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना छापायला खुले आहे. पु. ल. २००० साली गेले, त्यांचे नाही. मात्र खुले झाले म्हणून नाव गाळायचे नसते. वाड्यावर आंबे सर्वांना खुले केले तरी झाड कुणी लावले ते सांगतातच की.

आता मोठ्यांविषयी, कारण मुलांना उपदेश करताना आम्ही स्वतः काय करतो हेही सांगितले पाहिजे. शाळेत काहीही झाले की आधी फोटो. झाड लावले, फोटो. हात धुतले, फोटो. खिचडी वाढली, फोटो. वरून मागणीही तशीच येते. २०१६ साली शासनाने शिक्षकांना दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून सरल प्रणालीवर चढवायला सांगणारा निर्णय काढला होता. शाळाबाह्य मुले कळावीत हा हेतू चांगला, पण शिक्षकांकडून त्याला मोठा विरोध झाला. तो विषय मागे पडला तरी वळण राहिलेच. अलीकडे फोटोच्या खाली गाव, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश उमटवणारे कॅमेरे आले आहेत. पुरावा म्हणून कार्यालयाला ते सोयीचे. पण तोच फोटो आपण हौसेने दहा गटांवर टाकतो तेव्हा काय टाकतो? अमुक चेहऱ्याची मुलगी, अमुक गावी, अमुक वाजता, नकाशावर या ठिपक्यावर असते. घराच्या दारावर आपण असा कागद चिकटवू का?

गणवेश वाटपाचे फोटो तर मला बघवत नाहीत. घेणाऱ्या लेकराची मान खाली, देणाऱ्याची कॅमेऱ्याकडे. ते लेकरू उद्या मोठे होईल, नोकरीला लागेल, आणि तो फोटो कुठेतरी असेलच. त्याला विचारले होते का कुणी?

बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याने, काळजीची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, चित्र प्रसिद्ध करायला बंदी आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या सर्वांना बालक धरले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांचा तर स्वतःचाच नियम आहे की १३ वर्षांखालच्यांनी खाते उघडू नये. आणि आपल्या पाचवीतल्या पोरांची खाती त्यांच्या काकांनी जन्मसाल बदलून उघडून दिलेली असतात. पहिले खोटे तिथेच शिकवले जाते. मग पुढे खरे-खोटे तपास म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून मुलांचे काम बाहेर दाखवायचे तर कामच दाखवावे असे माझे मत आहे. चित्र दाखवा, नकाशा दाखवा, कापसाच्या बोंडअळीची त्यांनी केलेली नोंद दाखवा. चेहरा हवाच कशाला? आणि हवा असेल तर त्या मुलाला विचारून, त्याच्या आईवडिलांना विचारून. ‘नको’ म्हणण्याची सोय असेल तरच ते विचारणे. काही पालकांना हे पटत नाही, ‘आमच्या पोराचं नाव येऊ द्या की’ म्हणतात. त्यांचा आनंद मला समजतो. त्यांच्यासाठी ही भिंत आहेच. इथे नाव ठसठशीत लिहू, गावाने येऊन वाचावे.

सगळेच झाकून ठेवा, मुलांनी बाहेर काही लिहूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. उस्मानपुऱ्याच्या पानावर अहमदाबादची नदी आली होती ती मुलांनी पान केले म्हणून कळली. केले नसते तर कळली नसती. पोहायला शिकवायचे तर विहिरीत उतरवावेच लागते, फक्त कमरेला सुकडीचा नाहीतर डब्याचा आधार हवा आणि काठावर कुणीतरी जाणते उभे हवे.

पुढच्या अंकाचा विषय ‘आपल्या गावची विहीर’ असा ठरला आहे. कच्चा मजकूर शनिवारच्या सकाळच्या शाळेत वर्गशिक्षकांकडे द्यावा. कागदाच्या मागच्या बाजूला, हे कुणी सांगितले, कुठे वाचले, स्वतः पाहिले की ऐकले, ते लिहावे. सांगणारी आजी असेल तर ‘आजीने सांगितले’ असे लिहिले तरी चालेल, पण दुसऱ्या एका आजीलाही विचारून यावे. दोघींचे जमले नाही तर दोन्ही लिहा. ज्या मजकुराच्या मागची बाजू कोरी असेल तो परत मिळेल. पालकांच्या गटावर पान टाकायचे की नाही, ते या वेळी सहावी-सातवीची मुले वाचून, मत घेऊन ठरवतील, आणि त्यांचा निर्णय मला व बाईंना मान्य राहील.